फ्रीडेनाऊ क्लबची नावं

रुपालीनं गाडी बंद केली, पण दार उघडलं नाही.

"आधी हे ऐका," ती म्हणाली, "आणि मग सांगा, बाबांना आज उभं करायचं का."

पुढच्या सीटवर गिरीश होता, मागे मांडीवर बटाट्याच्या सारणाचं पातेलं घेऊन रेखा. बाहेर फ्रीडेनाऊ क्लबचं मैदान सप्टेंबरच्या उन्हात न्हाऊन बसल्यासारखं दिसत होतं. चुन्याच्या रेषा इतक्या ताज्या, की त्या ओलांडताना लोक पाय उचलून टाकत होते. क्लबहाउसच्या दारावर हिरव्या-पांढऱ्या झालरी होत्या आणि त्यावर फुलांनी विणलेला शंभराचा आकडा. रुपालीनं फोन दोन सीटच्या मध्ये धरला. आधी नळाचं पाणी ऐकू आलं, मग बाबांचा आवाज, दाढी करताना निघतो तसा, एका गालातून.

"मथियास ओट." मग नुसतं पाणी. बराच वेळ पाणी. "योसेफ रीगर." पुन्हा पाणी.

काल सकाळी बाथरूमच्या दाराशी उभं राहून तिनं हे रेकॉर्ड केलं होतं. एका नावावरून दुसऱ्यावर जायला बाबांना किती वेळ लागतोय ते बघा, असं तिचं म्हणणं. जानेवारीत अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला तेव्हापासून डावा हात खिशातून बाहेर येत नव्हता, आता जिभेवरही आलं. रुपाली हर्नडनला लहान मुलांची डॉक्टर होती, पण म्हाताऱ्या माणसांचं निदान करायला मागेपुढे पाहत नसे.

"आणि हा असा पॉज सगळ्या हॉलसमोर आला तर?" ती म्हणाली. "त्यांची इज्जत आहे इथे, दादा. ती घेऊन जाऊ दे त्यांना."

गिरीशनं मान हलवली. फ्रीडेनाऊचं घर विकलं गेलं होतं. गुरुवारच्या विमानाची तिकिटं निघाली होती. अर्विंगला त्यानं आईबाबांसाठी खालच्या मजल्यावर खोली काढली होती, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते. बाबांनी यायचं कबूल केलं ते एकाच अटीवर: क्लबची शंभरी होऊ दे, नावं म्हणू दे, मग कुठे म्हणाल तिथे येतो.

आईबाबांना कुणी न्यायचं यावरून वर्षभर एकमेकांशी नीट न बोललेले हे दोघं बहीणभाऊ आज एका आवाजात बोलत होते. म्हैसाळकरांच्या घरात या दोघांचं एकमत झालं, की कुणाच्या तरी वाट्याला नको ते काम येतं. तसं ते आलंच. ट्रूडी हाफनर क्लबची अध्यक्ष होती. तिला जाऊन सांगायचं, की बाबा सुरुवातीची थोडी नावं म्हणतील, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मिनिटभर शांत उभं राहायचं आणि केक कापायचा.

"वहिनी, तू सांग ना," रुपाली म्हणाली. "आम्ही सांगितलं तर बाबांना कळेल आमचं आहे म्हणून."

"आणि मी सांगितलं तर?"

"तू सून आहेस. तू काळजीपोटी बोललीस असं वाटेल."

म्हणजे मुलीची काळजी ती कट ठरते आणि सुनेचा कट ती काळजी. रेखानं पातेलं उचललं आणि निघाली.

फ्रीडेनाऊ हे गाव नोव्हाय शहरापासून तासभर आत, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत. डॅन्यूबच्या काठावरून आलेल्या जर्मनांनी वसवलेलं. लाकडाच्या वखारीतले, बेकरीतले, गोठ्यावरचे लोक रविवारी चर्चनंतर बूट बदलायचे आणि फुटबॉल खेळायचे, त्यातून हा क्लब झाला. शंभर वर्षांत त्यांनी सांगण्यासारखं काही जिंकलं नाही. खेळायचे पैसे कुणाला मिळत नसत. उलट जाळी फाटली तर खेळणारेच वर्गणी काढत. रेखाचे सासरे दिगंबरराव नोकरीच्या पहिल्या वर्षी हाफनर बेकरीच्या वर भाड्यानं राहत होते. बेकरीचा मालक वाल्टर, म्हणजे ट्रूडीचा बाप, क्लबच्या गोलकीपरचा खांदा निखळला म्हणून हवालदिल होता. त्यानं दिगंबररावांना विचारलं, तू कधी गोल राखला आहेस का. सांगलीला कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं, असं ते छाती पुढे काढून म्हणाले. रविवारी मैदानावर गेले आणि पॅड कुठे आहेत, स्टिक कुठे आहे, असं विचारू लागले. राखला होता तो हॉकीचा गोल.

तरी वाल्टरनं त्यांना उभं केलं. हॉकीचा कीपर चेंडू पायानं उडवतो, त्यामुळे पहिला अख्खा सीझन फ्रीडेनाऊच्या गोलकीपरनं हात वापरलेच नाहीत. समोरच्या टीमना वाटायचं ही काही तरी भारतीय विद्या आहे. पुढे हात आले, मग केस पांढरे झाले, मग ते नुसते बाकावर बसायला जाऊ लागले. पण रविवार सुटला नाही.

रेखा लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिच्या लेखी क्लब म्हणजे सासऱ्यांची एक खोड होती. कुणाचे सासरे ब्रिज खेळतात, कुणाचे शेअर बाजारात असतात. तिचे रविवारी जर्मन लोकांत जाऊन बसतात आणि वर्षातून एकदा उभे राहून नावं म्हणतात. ते बघायला ती आजवर कधी थांबली नव्हती.

ट्रूडी कोठीच्या खोलीत घडीच्या खुर्च्या मोजून बाहेर देत होती. दंड बेकरीवाल्याचे, बोलणं सावकाश. क्लबातल्या सगळ्यांसारखी तीही दिगंबररावांना डिगी म्हणायची. रेखानं सगळं घोळवून घोळवून सांगितलं: झटका, थकवा, प्रवास, वय. ट्रूडीनं हातातली खुर्ची उघडली आणि तिला बसायला दिली.

"कमी करायला माझी ना नाही," ती म्हणाली. "डिगीला कोण नाही म्हणेल? फक्त कोणती नावं गाळायची तेवढं तू मला सांग."

रेखा हसायला गेली आणि थांबली, कारण ट्रूडी हसत नव्हती.

मग ट्रूडीनं तिला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत घरात कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत क्लबची यादी होती. सुंदर अक्षरातली, प्रत्येकाचं नाव, पत्ता, कुठल्या जागी खेळतो ते. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन वंशाचे लोक शत्रू ठरले, एका सकाळी सरकारची माणसं आली आणि त्यांनी यादी मागितली. तेव्हाच्या अध्यक्षानं ती दिली. लपवण्यासारखं काय होतं त्यात? राइट हाफ, लेफ्ट हाफ. त्या यादीवरून अकरा जण उचलले गेले आणि डकोटातल्या छावणीत ठेवले गेले. काही युद्ध संपल्यावर परत आले. अध्यक्षाचा सख्खा भाऊ आला नाही. पुन्हा खेळ सुरू झाला त्या दिवशी अध्यक्ष मैदानावर उभा राहिला आणि क्लबचा शर्ट घातलेल्या प्रत्येकाचं नाव त्यानं तोंडानं घेतलं, पहिल्यापासून. आणि म्हणाला, आजपासून हे कुठेही लिहायचं नाही.

"तेव्हापासून लिहिलं नाही?"

"नाही. एक जण म्हणतो. नाव घेतलेला माणूस जिवंत असेल आणि हॉलमध्ये असेल तर तो स्वतः 'हिअर' म्हणतो. नसेल तर सगळा हॉल त्याच्या वतीनं म्हणतो." ट्रूडीनं आणखी एक खुर्ची बाहेर सरकवली. "बाकांवरून कुणी सांगायचं नाही हा नियम आहे. पूर्वी सांगायचे, त्यावरून मारामाऱ्या झाल्या. त्यामुळे राहिलं ते नाव राहिलं. पुन्हा यादीत येत नाही."

रेखानं विचारलं, की हे सगळं बाबांकडे का आलं. इतकी जर्मन घरं असताना.

"म्हणूनच. माझा बाप म्हणायचा, आपल्यातल्या कुणाकडे दिलं तर तो स्वतःच्या चुलत्यांना लक्षात ठेवील आणि माझ्या चुलत्यांना विसरेल. ज्याचं या नावांत कुणीच नाही, त्याच्याकडे ती नीट राहतील." तिनं पुढची खुर्ची उघडून पाहिली. "बाप गेला त्याला चाळीस वर्षं होतील. त्याच्या थडग्यावर त्याचं नाव आहे, पण तिथे तो बेकर आहे. लेफ्ट विंगर तो फक्त तुझ्या सासऱ्याच्या तोंडात आहे."

आता ही नावं ट्रूडीनं घ्यायची ठरली होती. वसंत ऋतूपासून ती डिगीकडे शिकायला जात होती, पण शिकवणं पुढे सरकत नव्हतं. तो एक नाव सांगतो आणि थांबून राहतो, म्हणाली. जणू पुढचं मीच सांगायला हवं.

रेखा तिथून उठली. आपल्याकडे श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं घ्यायला लावतात आणि पणजोबांपाशी यजमान फोन लावून काकांना विचारतो. गिरीशनं मागच्या वर्षी अर्विंगहून लावला होता, पुण्याला. आणि इथे सासऱ्यांनी शंभर वर्षांची परकी माणसं पाठ करून ठेवली होती, ज्यांच्यापैकी कुणाच्या पिंडाला शिवायचा त्यांना अधिकार नव्हता.

ज्या कामासाठी आलो ते पुरं केलंच नाही, हे तिच्या स्वयंपाकघराच्या दारात लक्षात आलं.

आत सासूबाई, मिरजेला एके काळी शाळेत शिकवणाऱ्या सरलाबाई, एकट्याच होत्या. कढई तापली होती. दरवर्षी शंभर-दीडशे बटाटेवडे त्या इथे तळायच्या. जर्मन लोक ते मोहरीच्या सॉससोबत खायचे आणि आपलाच पदार्थ असल्यासारखे वागायचे. पण सरलाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं येत आणि मागच्याच दारानं जात. हॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. बायकांना मेंबर करून घेत नव्हते तोवर मला काय करायचंय, असं म्हणत. पुढे करून घ्यायला लागले, तेव्हा मला कुणी विचारलंय, असं म्हणू लागल्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती, तिच्यातून त्यांना समोरच्या टेबलाची कड तेवढी दिसायची.

रेखानं पातेलं ठेवलं आणि रेकॉर्डिंगपासून केकपर्यंत सगळं सांगून टाकलं. सरलाबाई सारणाचे गोळे वळत राहिल्या.

"तिघांनी मिळून ठरवलंत?"

"दोघांनी, आई. मी फक्त ऐकलं."

"ऐकणारा तिसराच असतो." त्यांनी एक गोळा पिठात बुडवला. "म्हणू दे त्यांना. पडले तर पडले. घरात काय कमी पडतात?"

त्या घाबरल्या आहेत हे रेखाला त्यांच्या वड्यांवरून कळलं. एकही गोल होत नव्हता.

हॉल भरला. लांब टेबलं, त्यांवर हिरवे ताव, बिअरचे जग, बटाट्याचं सॅलड. म्हातारे शर्टावर बिल्ले लावून पुढे बसले होते, मधल्या वयाचे भिंतीशी उभे होते, आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर आत्ता खेळणारी मुलंमुली, गुडघ्यांना माती तशीच. अनयानं रेखासाठी जागा धरली होती. ही गिरीश-रेखाची मुलगी. मागच्या उन्हाळ्यात नोव्हायला इंटर्नशिप होती म्हणून आजीआजोबांकडे राहिली होती.

रुपालीनं वाकून विचारलं, ठरलं ना? रेखा नाही म्हणाली. नाही म्हणजे काय, असं रुपाली विचारतेय तोवर दिगंबरराव उठले होते.

निळा कोट, गळ्यात क्लबचा मफलर, डावा हात खिशात. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि सुरुवात केली, आणि रेखा चमकली, कारण ती चाल तिच्या ओळखीची होती. तिन्हीसांजेला हातपाय धुऊन, मांडी घालून म्हणायच्या पाढ्यांची. बे एके बे च्या हेलावर योहान फ्राय येत होता आणि बे दुणे चारच्या हेलावर मथियास ओट. प्रत्येक नावापाशी हॉल एका दमात म्हणत होता, "हिअर."

तो आवाज छातीवर येत होता. टेबलावरचे ग्लास बारीक किणकिणत होते. पहिल्या नावांतलं कुणी जिवंत असणं शक्यच नव्हतं. वखारवाले, गवंडी, एक शाळामास्तर, ज्यांची नातवंडंही आता म्हातारी, ते सगळे एकामागून एक हजेरी देत होते. रेखाला वाटलं, हॉल मागच्या बाजूनं भरत चाललाय आणि आपण उगाच जागा अडवून बसलोय. गिरीशनं हाताची घडी सोडली होती.

आणि मग दिगंबरराव थांबले.

"योसेफ रीगर," ते म्हणाले. हॉल म्हणाला, हिअर. पुढचं नाव आलं नाही. त्यांनी डोळे मिटले. परत मागे गेले, दोन नावं अलीकडून धावत आले, उडी मारायला यावं तसे, आणि पुन्हा रीगरपाशी येऊन उभे राहिले. या वेळी हॉलनं हिअर म्हटलं नाही. कुणी काही सांगितलं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा, एर्न्स्ट, ओठ घट्ट दाबून बसला होता. त्याला पुढचं नाव येत असावं. कदाचित त्याच्या बापाचंच असेल.

रुपाली उठायला लागली. रेखानं तिचं मनगट धरलं.

"सोड, वहिनी. मी त्यांना खाली आणते."

"बस."

"धिस इज क्रुएल."

"बस म्हटलं ना." आयुष्यात प्रथमच रेखानं नणंदेला हा स्वर लावला, आणि दोघींनाही नवल वाटलं.

तेवढ्यात ताटांच्या खिडकीतून, तेलाच्या चरचरीवरून, मिरजेच्या शाळामास्तरणीचा खणखणीत आवाज आला.

"यॉर्ग लांग."

दिगंबररावांनी डोळे उघडलेच नाहीत. "फ्रांझ क्नोल," ते लगेच म्हणाले.

"पेटर आणि मिखाएल श्टुम्प."

"थिओडोर बाखमन."

हॉल गोंधळला. हिअर म्हणायला सवड मिळेना. एर्न्स्ट काठी आपटत उभा राहिला. बाकांवरून सांगायचं नाही, हा नियम आहे, असं तो म्हणाला. नियम तो नियम.

"बाकांवरून सांगायचं नाही, एर्न्स्ट," ट्रूडी सावकाश म्हणाली. "स्वयंपाकघराविषयी आजवर कुणी काही ठरवलेलं नाही." मग ती खिडकीकडे वळली. "सरला, प्लीज. आत ये."

आतून आधी गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग नळ. मग सरलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. हॉलमध्ये चौफेर एकदा बघून घेतलं आणि सरळ नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी नाही, समोर, मध्ये टेबल ठेवून.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "उभ्यानं कधी घोकलंय तुम्ही?"

ते बसले. त्यांचा उजवा हात आपोआप टेबलावर आला आणि बोटं काहीतरी सोलल्यासारखी हलू लागली.

"लसूण," अनया कुजबुजली. "आजोबा लसूण सोलतात, आजी पोळ्या करते. दे डू धिस एव्हरी सिंगल डे, मॉम. आजी एक नाव, आजोबा एक. मला वाटलं प्रेयर आहे."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"नोबडी आस्क्ड."

रेखानं रुपालीकडे पाहिलं. रुपाली फोनकडे बघत होती. पाण्याच्या आवाजातल्या त्या लांब जागा विसरण्याच्या नव्हत्या. बाबा दाढी करत एक नाव म्हणायचे आणि पलीकडे ओट्याशी आई पुढचं म्हणायची, एवढंच ते होतं. वाल्टरनं नावं दिली तेव्हा दिगंबररावांना ती पाठ होईनात, म्हणून मिरजेला शेकडो पोरांकडून पाढे घोकून घेतलेल्या बाईनं आपल्या पद्धतीनं ती घोकून घेतली: मी एक, तुम्ही एक. वर्षानुवर्षं ते उभं राहून दोन्ही वाटे एकटेच म्हणायचे. झटक्यानं, सुरुवातीची चार-दोन नावं सोडून, तिचा वाटा नेला, त्यांचा ठेवला. रुपालीनं फोन पालथा केला आणि डोळे पुसले. चष्मा काढायचंही तिला सुचलं नाही.

आता दोन आवाज चालू झाले. वरचा तिचा, खालचा त्यांचा, मध्ये हॉलचा. सरलाबाईंना यांच्यातला एकही चेहरा ठाऊक नव्हता. कुणाचे केस कसे, कोण लंगडायचा, कोण आईवरून शिव्या द्यायचा, काही नाही. नुसती नावं होती त्यांच्याकडे, चाळीस वर्षं पोळीबरोबर लाटलेली. छावणीत नेलेल्या अकरा जणांपाशी आले तेव्हा खुर्च्या मागे सरकल्या आणि सगळा हॉल उभा राहिला. सरलाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, त्या उभ्याच होत्या. त्यांचा आवाज तिथे जरा हळू झाला, घरातही तिथे होत असावा. वाल्टर हाफनर आला. ट्रूडीनं इतरांबरोबर 'हिअर' म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्याच्यानं झालं नाही. तिच्या वाटचं बाकीच्यांनी म्हटलं.

मग, रेखा वाटच पाहत होती असं नाही, पण ते आलं तेव्हा तिनं वळून पाहिलं: एका नावाला हॉल गप्प राहिला आणि पुढच्या रांगेतून एकटाच घोगरा आवाज म्हणाला, "हिअर." पहिला जिवंत माणूस. एर्न्स्ट. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यानं ते असं म्हटलं, की जणू त्यालाही खात्री करून घ्यायची होती. त्यानंतर कधी सगळा हॉल, कधी एकच गळा. इतक्या मेलेल्यांच्या पाठोपाठ एकेक जिवंत आवाज उठत होता, आणि प्रत्येक वेळी रेखाला वाटत होतं, की हा माणूस आत्ता, या क्षणी, कुठूनतरी परत आलाय.

सरलाबाई थांबल्या.

पाळी त्यांची होती. दिगंबररावांनी हान्स म्युलेकर म्हटलं होतं, हॉलनं उत्तर दिलं होतं. सरलाबाईंची हनुवटी वर होती, ओठ मिटलेले.

"आता आईपण?" गिरीश पुटपुटला.

विसरल्या नव्हत्या त्या. रेखाला आधी कळेना. मग सरलाबाईंचा डावा हात हलला आणि बांगड्या वाजल्या, एकदाच, आणि तिला एकदम कळलं. लग्नाला बावन्न वर्षं. अहो, इकडे, हे, गिरीशचे बाबा. रेखा गिरीशला दिवसभर नावानं हाका मारायची, त्यातल्या निम्म्या रागानं. पण या बाईच्या तोंडून ते नाव कुणीही कधी ऐकलं नव्हतं, मंगळागौरीत मैत्रिणींनी छळलं तेव्हाही नाही. ओट्याशी ही जागा आली, की त्या बांगड्या वाजवायच्या, आणि ते पुढे जायचे.

बांगड्या ऐकून ते आताही पुढे जायला निघाले. त्यांचं तोंड पुढच्या नावासाठी उघडलं. ते नाव बाहेर पडलं असतं, तर मधलं कायमचं राहिलं असतं.

"थांबा," सरलाबाई म्हणाल्या.

ते थांबले. हॉलमध्ये कुणाला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण कुणी हललं नाही. सरलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. सगळ्या जर्मनांसमोर, मुलांसमोर, नातीसमोर, त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला होता.

"दिगंबर म्हैसाळकर," त्या म्हणाल्या.

आणि दिगंबररावांनी उत्तर दिलं नाही. ते नुसते बघत राहिले, तोंड किंचित उघडं, कुणी दुसऱ्याच माणसाला हाक मारली असावी असे. नाव त्यांना ठाऊक होतं. त्या आवाजात ते कधी आलंच नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी छाती भरून श्वास घेतला. रेखानं तो ऐकला, सगळ्या हॉलनं घेतलेला श्वास. उत्तर न देणाऱ्याच्या वतीनं हॉल म्हणतो. युद्ध संपल्यापासून म्हणत आलाय. गिरीश अर्धा उठला. रुपालीनं रेखाचा हात इतका घट्ट धरला, की अंगठी रुतली.

सरलाबाईंनी मागे न बघता तळहात हॉलकडे धरला, गलका करणाऱ्या वर्गाकडे धरतात तसा. श्वास जागच्या जागी राहिले.

"दिगंबर," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी हळू, आडनाव नाही, चाल नाही.

त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला होता. टेबलाची कड धरून ते उठले.

"आलो," ते म्हणाले.

'हिअर'ऐवजी हे चालेल का, अशा नजरेनं एर्न्स्टनं ट्रूडीकडे पाहिलं. ट्रूडीनं मान डोलावली. एर्न्स्ट क्षणभर विचारात पडला आणि मग त्यानंही डोलावली. मग पाळी दिगंबररावांची होती म्हणून त्यांनी पुढचं नाव घेतलं, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या कुणीतरी नाक ओढत म्हटलं, "हिअर."